कंदीलची शेवटची बाटली

पहिला घोट तोंडात घ्यायचा, लगेच गिळायचा नाही, छताकडे बघत जरा वेळ बसायचं आणि मग ग्लास टेबलावर ठेवून सांगायचं, "ही न्हवं." आबांचा हा कार्यक्रम मी इतक्या वेळा पाहिला की शेवटी शेवटी वेटरही बाटली उघडून तिथंच थांबायचा आणि निकाल ऐकून मगच जायचा. निकाल कधी बदलला नाही. बाटली मात्र आबा तळापर्यंत संपवायचे, हेही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्यांना फार मोठे रसिक समजाल.

'ती' म्हणजे कंदील. तिचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, पण लेबलवर लाल कंदिलाचं चित्र असायचं म्हणून आमच्याकडे तिला सगळे कंदीलच म्हणत. मी शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर म्हणून लागलो तोवर ती बाजारातून गेली होती. कुठल्याशा मोठ्या कंपनीनं छोटी कंपनी विकत घेतली आणि ही बिअर बंद करून टाकली. गेलेल्या वस्तूवर असा जीव टाकणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. कुणाला जुना साबण हवा असतो, कुणाला बंद पडलेल्या हॉटेलातली मिसळ. अशांशी वाद घालू नये, पण मी घालायचो. कडू पाण्यात असा काय फरक असतो, असं मी आबांना एकदा विचारलं.

"तुमी प्यालाय का, सायेब?" ते म्हणाले. "न्हाय न्हवं? मग गप बसा की."

आबा मोल्डर होते. लोखंडी चौकटीत, म्हणजे आमच्या भाषेत बॉक्समध्ये, वाळू ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. उंच, आडव्या हाडाचा माणूस. त्यांच्या भुवया पुऱ्या वाढलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत, कारण वाढल्या की भट्टी त्या खाऊन टाकायची. घरात त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, एकच कायदा होता. बाहेर काय ढोसायचं ते ढोसा, बाटली उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आबांनी तो कायदा कधी मोडला नाही.

कंदील त्यांनी एकट्यानं कधी प्यायली नव्हती. तिला एक जोडीदार होता. मलकापूरकडचा एक माणूस फौंड्रीत त्यांच्याबरोबर होता आणि आबा त्याला पहिल्या दिवशी 'पावणं' म्हणाले ते म्हणाले, पुढे तेच त्याचं नाव झालं. त्या काळी क्रेन नव्हती. लोखंडाचा रस भरलेली लॅडल दोन्ही बाजूंना दांडे लावून दोघांनी उचलायची आणि पावलाला पाऊल जुळवत बॉक्सपर्यंत न्यायची. एकाचा तोल गेला तर दोघं भाजणार. हे दोघं वर्षानुवर्षं एका लॅडलच्या दोन टोकांना चालले. ओतकाम संपलं की फाट्यावरच्या परमिट रूममध्ये एक कंदील आणि दोन ग्लास. अर्ध्या-अर्ध्याचा हा नेम बिअर बंद झाली तेव्हाच मोडला.

नंतर कधीतरी पन्हाळा रोडवरच्या एका दुकानदाराला गोदाम झाडताना कंदीलच्या दोन बाटल्या सापडल्या. एक दोघांनी तिथंच फोडली. दुसरी ठेवायचं ठरलं. दोघांतला मागून रिटायर होणारा ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी ती उघडायची, आणि कुणी एकट्यानं प्यायची नाही. पावणं आधी सुटले आणि गावी गेले. पुढं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आबांची रिटायरमेंट काही आठवड्यांवर आली तेव्हा पावणं खाटेवर होते आणि बाटली आबांकडे होती.

ती कुठं ठेवायची, हा प्रश्न होता. घरी काकूंचा कायदा, आणि फौंड्रीत त्याहून कडक. दारू आवारात सापडली तर माणूस त्याच दिवशी गेटबाहेर, असा बोर्डच गेटवर होता. बाटली बरीच वर्षं आबांच्या लॉकरमध्ये तळाशी पडून होती. मग लॉकर बदलायचे ठरले. बिअरला अंधार आणि गारवा लागतो, आणि मोल्डरच्या डोक्यात अंधार-गारवा म्हटलं की एकच जागा येते. शेडच्या मागच्या कोपऱ्यात जुन्या वाळूचा ढीग होता. कित्येक महिन्यांत त्याला कुणी फावडं लावलं नव्हतं. आबांनी बाटली त्यात खोल पुरली.



त्या दिवशी दुसऱ्या पाळीला एका मोठ्या मशीनचा बेड, म्हणजे खालची बैठक, ओतायचा होता. बॉक्स खोलीएवढा. पहिल्या पाळीनं तो भरून बंद करून ठेवला होता. मेटल तयार झालं, लॅडल क्रेनला लागली आणि क्रेन सावकाश पुढं सरकू लागली. आबा तेवढ्यात कामावर आले होते. मला ते मागच्या कोपऱ्याजवळ उभे दिसले. कोपरा साफ होता. वाळूचा ट्रक आला नव्हता म्हणून सकाळच्या लोकांनी लोडरनं जुना ढीग उचलून बॉक्सच्या पोटात भरला होता. साच्याला लागून चाळलेली वाळू घालतात, मागचं भरताना कुणी चाळत बसत नाही.

आबा पळाले. त्या वयात त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं ते माझ्याकडे येताहेत, पण ते थेट बॉक्सवर चढले आणि मधोमध उभे राहिले. वर लॅडल होती. तिची लाली त्यांच्या तोंडावर पडली होती.

मी क्रेनवाल्याला हात केला. क्रेन थांबली, लॅडल किंचित झुलली, आणि तिच्या काठावरून एक ठिणगी आबांच्या खांद्याजवळून गेली. मी काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही. आबा हलले नाहीत.

"ह्यात बाटली हाय," ते म्हणाले. ते इतकं हळू बोलले की जवळ जाईपर्यंत मला ते नीट ऐकू आलं नाही.

बंद बाटलीतलं पाणी आणि वितळलेलं लोखंड शेजारी आलं तर वाफेचा स्फोट होतो, हे फौंड्रीत कुणाला सांगावं लागत नाही. बॉक्सभोवती आमची सात-आठ माणसं उभी होती. त्यातल्या दोघांची लग्नं त्याच उन्हाळ्यात झाली होती.

मी आबांच्या कानाशी लागून म्हणालो की वाळू ओली आहे असं सांगू, मालकांना बाटलीचं कळायचं कारण नाही. मला त्यांना वाचवायचं होतं. काकूंनी निरोपसमारंभासाठी पैठणी काढून ठेवली होती, फेटेवाल्यालाही सांगून झालं होतं, हे मला ठाऊक होतं. आबांनी माझ्याकडे नवशिक्याकडे बघावं तसं बघितलं.

"वली हाय म्हनला तर वरनं ग्यासची बत्ती मारून वाळवतील आन् वततील," ते म्हणाले. "उकराय पायजे सायेब. बाटली हाय म्हनूनच सांगाय पायजे."

तेवढ्यात मालक केबिनमधून खाली आले. क्रेन का थांबली, असं त्यांनी विचारलं. मेटल गार होत होतं, प्रत्येकाला ते दिसत होतं, आणि तरी कुणी तोंड उघडेना. आबांनीच बॉक्सवरून सांगितलं की वाळूत बाटली आहे आणि ती माझी आहे.

मेटल बाजूच्या चरांत ओतून टाकावं लागलं. मग बॉक्स उघडला आणि आम्ही हातांनी वाळू उकरली. फावडं लावायची हिंमत कुणाची होईना. बाटली सापडली ती साच्याच्या भिंतीपासून वीतभरही लांब नव्हती. तडा नाही, टवका नाही, लेबलवरचा कंदीलसुद्धा तसाच लाल.

मालक वाईट माणूस नव्हते. बाटली त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली, मग आबांकडे पाहिलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"आबा, तुमी बोललासा म्हनून मानसं वाचली. त्ये मी इसरनार न्हाय," ते म्हणाले. "पन नियम सगळ्यास्नी एकच. हितंच, समद्यांम्होरं ही वाळूत वता. उद्या कामाला या, तुमचा सत्कार ठरल्यापरमानं करू. न्हाईतर बाटली घ्या आन् आत्ताच गेटच्या भायेर व्हा."

माझ्या मते हा सौदा चांगलाच होता. मी मनात म्हणत होतो, ओता आबा, ओतून टाका. नासलेल्या बिअरसाठी कुणी फेटा सोडतं का? आबांनी बाटली हातात घेतली. अंगठ्यानं लेबलवरची वाळू झाडली. झाकणावरून अंगठा फिरवला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता उघडतात. मग त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून बॉक्सच्या काठावर ठेवलं, भट्टीकडे वळून हात जोडले आणि टॉवेलात बाटली गुंडाळून गेटकडे चालू लागले. त्यांना कुणी हाक मारली नाही. मीही मारली नाही.

त्या संध्याकाळी मी घाबरतच त्यांच्या घरी गेलो. काकूंना सगळं कळलं होतं. आबांशी त्या एक शब्द बोलत नव्हत्या, पण बाटली माठाच्या शेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. ती तिथं कुणी ठेवली हे विचारायची माझी छाती झाली नाही.

रविवारी मी माझ्या मोटारसायकलवरून आबांना मलकापूरला घेऊन गेलो. रत्नागिरी रस्ता रुंदीकरणासाठी ठिकठिकाणी उकरलेला. आमच्या दोघांच्या मध्ये ती बाटली. प्रत्येक खड्ड्याला आबा माझा खांदा दाबायचे आणि मी श्वास धरायचो. वाघबिळाच्या चढणीला मागून एक ट्रक अंगावर आला तेव्हा आबा ओरडले ते "गाडी संबाळ" असं नाही, "बाटली!" असं ओरडले. मी वैतागून गाडी थांबवली आणि त्यांना उतरा म्हणालो. ते उतरले नाहीत, मी गाडीला पुन्हा किक मारली.

पावणं सोप्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसवलेले होते. आबांना बघून त्यांचा डावा हात उचलला गेला. बाटली दिसली तेव्हा त्यांच्या घशातून एक आवाज आला, आणि तो आवाज ऐकून मला आबा गेटबाहेर का गेले ते समजलं. पावण्यांच्या बायकोनं आधीच बजावलं की डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे, एक चमचा देईन, जास्त नाही.

आबांनी झाकण उघडलं. आवाज झालाच नाही. ग्लासात ओतली तर फेस नाही, रंग गार झालेल्या चहाचा, आणि वास ओल्या गोणपाटाचा. मी खाली बघितलं. आबांनी घोट घेतला, तोंडात धरला आणि वर कौलांकडे बघत बसले.

खाटेवरचा माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत होता. पापणी लवत नव्हती. सोप्यात कुणी हलत नव्हतं. आबांनी एवढा वेळ कधीच लावला नव्हता. शेवटी त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर झाली.

"हीच," आबा म्हणाले.

मग त्यांनी स्वतः चमचा भरून पावण्यांच्या ओठांशी नेला. पावण्यांनी तो घोट जिभेवर घोळवला, गिळला. तोंडाच्या ज्या बाजूला जीव होता ती बाजू हसली. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. आणखी एक चमचा. त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवून होकार दिला.

ग्लासात उरलेली मी चाखली होती. आंबट, बुळबुळीत, घशाखाली न उतरणारी. परत येताना बांबवड्याला चहाला थांबलो तेव्हा मला राहवलं नाही. खरंच हीच होती का, असं मी विचारलं. तोवर आबा मला सायेब म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा पोरा म्हणाले.

"ती गेलीया पोरा. कवाच गेलीया," ते म्हणाले. "पन लॅडलचं एक टोक त्याच्या हातात हुतं की. म्या माजं कसं सोडू?"

पावणं त्या दिवाळीच्या आधी गेले. आबांना फेटा शेवटपर्यंत बांधला गेला नाही. पुढच्या वर्षी थंडीत तेही गेले, झोपेतच. काकूंनी ती रिकामी बाटली फेकली नव्हती. तिच्यात त्यांनी मनीप्लांट लावला आहे आणि ती उंबऱ्याच्या आत आहे. मला आबांची फार आठवण येते. शेडमध्ये क्रेन पुढं सरकायला लागली की नजर आधी बॉक्सवर जाते.

फाट्यावरच्या परमिट रूममध्ये मी अजून कधीमधी जातो, त्याच टेबलावर बसतो. वेटर तोच आहे. तो बाटली उघडतो, माझा ग्लास भरतो आणि तिथंच थांबतो. मी घोट घेतो. मला काही बोलता येत नाही. तो जरा वेळ वाट बघतो आणि मग दुसऱ्या टेबलाकडे जातो.