कुंडीवरचा पहारा

आष्ट्यात सकाळी बसस्टँडकडे जाताना एक माजी सैनिक अंगणात खुर्ची टाकून बसलेले दिसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. शेजारच्या कुंडीत लॅव्हेंडरचं रोप होतं. काश्मीरमध्ये ड्युटीवर असताना त्यांनी लॅव्हेंडरचा वास घेतला होता आणि तो एकदा तरी बायकोला द्यायचा होता. आधीची रोपं शेजाऱ्यांच्या मायेनं कुजली. उसाच्या गावात कोरडी माती कुणाला बघवत नाही. जाणारा-येणारा तांब्याभर पाणी ओतायचा. म्हणून हा पहारा.

"काका, पाणी घाला की. माती वाळलीय," मीही एकदा म्हणालो.

"आवं, ह्यो ऊस न्हाई. लाड केलं की मरतंय ते," म्हणत त्यांनी कुंडीवर हात आडवा धरला.

थंडी सरताना जांभळा तुरा आला. बायको बाहेर आली, तिनं तो सरळ खुडला आणि अंबाड्यात खोवला.

"ह्याच्यापायी मला पाणी घालू देत नव्हता व्हय?"

आता आवाज चढणार, असं मला वाटलं. ते उठले आणि तिच्या अंबाड्याजवळ वाकून त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला.

"आवं, लोकं बघत्यात!"

"बघू देत," ते म्हणाले. "त्योच वास हाय."