खाडीपलीकडच्या चोवीस खुर्च्या

मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीची बोट सुटली की मी फोनचं नेट बंद करतो. पलीकडे रेंज बऱ्यापैकी असते, तरी बंद करतो. आमचं ऑर्डरचं ॲप ऑनलाइन असलं की ठरलेल्या भावाखाली उतरू देत नाही, आधी मेहुण्याची मंजुरी मागतं. ऑफलाइन असलं की मी घालीन तो भाव मुकाट्याने लिहून घेतं, आणि नेट आलं की ऑर्डर आपोआप गोदामाच्या यादीत चढते. माझा फर्निचरचा धंदा मी स्वतः उभा केलाय. भाव कुणाला विचारून सांगायची सवय मला नाही.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माझा भागीदार, मुलुंडच्या गोदामात बसतो. पूर्वी शब्द दिला की माल बाजूला काढून त्यावर खडूची फुली मारायची, मग त्याला कोणी हात लावत नसे. ॲप आणल्यावर त्याने खडू बंद केला. तो राग माझ्या मनात आहेच.

त्या मंगळवारी मनोरीतल्या एका मावशीला तिच्या नव्या कॉटेजसाठी वेताच्या चोवीस खुर्च्या हव्या होत्या. शनिवारी पहिले पाहुणे येणार होते. ॲपमध्ये शिल्लक बरोबर चोवीस दिसत होती. मावशीने सुरुवातच निम्म्या भावापासून केली.

"मावशी, या भावात नुसते पाय येतील."

"मग पायच दे. वर मी फळ्या ठोकते."

तासभर असं चाललं. शेवटी तिने माझ्या तळहातावर थाप मारली आणि मी ऑर्डर लिहिली. वेळ पडली अकरा वीस.

परतीच्या बोटीत पाणी तेलासारखं संथ होतं. किनारा मागे सरकत होता की आम्हीच जागच्या जागी होतो, कळत नव्हतं. कोणी हाक मारणार नाही, कोणी काही विचारणार नाही, अशी ती दहा मिनिटं. धक्क्यावर उतरलो तरी अंगातून तो संथपणा गेला नाही. रिक्षात डोळे मिटून पडलो आणि नेट चालू करायचं राहिलं, ते थेट मुलुंडला आठवलं. ऑर्डर चढली आणि खाली लाल अक्षरं आली: माल शिल्लक नाही.

जुहूच्या एका हॉटेलने एक वाजता चोवीसच्या चोवीस घेतल्या होत्या. टेम्पोही निघून गेला होता.

"माझी ऑर्डर अकरा वीसची आहे," मी म्हणालो.

"असेल ना भाऊजी. पण होती कुठे?"

"माझ्या खिशात."

"खिशातलं ॲपला दिसत नाही. लिहिलं कधी ते नाही, पोचलं कधी ते बघतं ते."

मी टेबलावरचा मोजायचा टेप भिंतीवर फेकला. तो शांतपणे उचलून त्याने परत जागेवर ठेवला. त्याचं हेच मला सहन होत नाही. नेट मीच बंद ठेवलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

बुधवारी सकाळी मावशीला तोंडावर सांगायला गेलो. तिने ऐकून घेतलं.

"शनिवारी मानसं येनार. ती काय तुझ्या शब्दावर बसतील?"

तिच्या पडवीत जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. सांगाडे शाबूत, वेताच्या बैठका तेवढ्या फाटलेल्या. तरुणपणी अंधेरीत सोसायट्यांच्या जिन्याखाली बसून मी अशा बैठका विणल्या आहेत.

"या मी विणतो. शनिवारपर्यंत चार होतील."

"आठ."

"सहा. बाकीच्यांना बाकडी लाव. नव्या खुर्च्या पुढल्या खेपेला, त्याच भावात."

तिने पाण्याची बादली पुढे सरकवली. मी वेत आणून भिजत घातला आणि तीन दिवस रोज बोटीने येऊन त्या पडवीत बसलो. बोटांना सगळं आठवत होतं, मला आठवावं लागत नव्हतं. बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत होते. काठ्यांच्या सावल्या सकाळी एका बाजूला पडायच्या, संध्याकाळी उलट्या. दुपार कधी झाली ते भूक सांगायची.

शनिवारी पाच खुर्च्या तयार झाल्या आणि पाहुणे आले. त्यांना मी कॉटेजचा कारागीर वाटलो, मीही खुलासा केला नाही. मावशीने चहा आणला. त्यांच्यातल्या एक आजी बाकड्यावर बसायला तयार होईनात. सहाव्या खुर्चीचा शेवटचा वेत ओवून होईपर्यंत त्या पायरीवर बसून माझ्या हातांकडे बघत राहिल्या.