वास तिला आधी आला होता

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही, बायकोपाशीही नाही. तुम्हालाच का सांगतोय — कोण जाणे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका कोंबडी खाद्याच्या कारखान्यात मी माल तपासतो, गिऱ्हाइकांच्या तक्रारीही मीच बघतो. सोयापेंड परवडेना, तेव्हा तिच्याऐवजी मक्याचा चोथा घालू, असं मीच सुचवलं — दारूच्या कारखान्यात मक्यातून उरतो तो. प्रथिनं भरपूर. ब्रॉयलर त्यावर छान वाढायचे. चोथ्याला मी दोष देणार नाही. पण एक खेप भिजून आली. मूठभर नाकाशी धरली — कुबट. बुरशी लागलेली. परत पाठवायला हवी होती ना? पण मग साहेब म्हणणार, हेच का तुझं शहाणपण? सुक्या मालात मिसळून टाकली. मिसळल्यानं विष जातं का? नाही जात. मला ठाऊक होतं.

ते खाद्य देवगाव रंगारीला गेलं, रेखाच्या कोंबड्यांना. रेखा शेतकरी घरातली सून. सासूचा विरोध पत्करून तिनं हा धंदा मांडलेला. पोतं उघडताच तिचा फोन आला, "भाऊ, लई कुबट वास येतोय. घालू का नको?"

घाला म्हणालो. नव्या मालाला असाच वास असतो म्हणालो.

आठवड्याभरात पिल्लं पटापट मरायला लागली. मी गेलो, खाली अंथरलेलं भाताचं तूस बुटानं उकरलं, आणि सासूदेखत विचारलं — हे रोज हलवत नव्हता का? ओल धरली की रोग होतो. एक दिवस चुकला होता तिचा. तेवढं पुरलं. सासू जे बोलली ते इथं लिहवत नाही. रेखा तिथंच बसून हातानं तूस हलवायला लागली, आणि मी तपासणीच्या कागदावर लिहिलं: निगा कमी पडली. चोर तो चोर, वर शिरजोर — मला दुसरं काय म्हणाल?

वासाचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही. स्वतःच्या नाकावरचा तिचा विश्वासच मी काढून घेतला.

गेल्या महिन्यात या धंद्यात नव्यानं येणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण होतं. साहेबांनी रेखाला अनुभव सांगायला बोलावलं. ती उभी राहिली. "माझ्याच हयगयीनं पिल्लं मेली, बायांनो. तुम्ही तूस रोज हलवा. अन् खाद्याची शंका आली तर भाऊंना इचारा. त्यांना समजतं."

मी पहिल्या रांगेत होतो. ती बोलून खाली बसली, तेव्हा पहिली टाळी मी वाजवली.