आत्याच्या विटा शाबूत होत्या

चौथी भिंत पाहून आम्ही पाचवीकडे निघालो, तोवर आत्याचे गुडघे चांगलेच ठणकायला लागले होते. पण रिक्षाचं नाव काढलं की ती डोळे वटारायची.

"रिक्षातून भिंत दिसते का? नुसती पळते. तू दमली असशील तर बस त्या पायरीवर. मी म्हातारी जाऊन येते."

मी बेचाळीसची, ती चौसष्टची. मी मुकाट्याने चालू लागले.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. धंद्याने गवंडी. बाई गवंडी असते का, असं नवा माणूस हमखास विचारतो आणि आत्याचं उत्तर ठरलेलं असतं, "नसते. मी भुताटकी आहे." नवी भिंत तिने क्वचितच बांधली. तिचं काम जुन्या भिंतींचं. एखादी वीट फुटली, भुगा झाली, की छिन्नीने तिच्या चारी बाजूंचा, विटा जोडणारा माल कोरायचा, वीट तुकड्या-तुकड्याने बाहेर काढायची, भोक झाडून ओलं करायचं आणि दुसरी वीट अशी बसवायची की शेजारणींना धक्का लागू नये. "दातांच्या डॉक्टरला पाटी असते, मला नाही, एवढाच फरक," असं ती म्हणायची.

त्या महिन्यात डॉक्टरांनी तिला बांबूच्या परांचीवर चढायची बंदी केली होती. हत्यारं बांधून ठेवण्याआधी तिला आपल्या भिंती एकदा डोळे भरून बघायच्या होत्या. "लोक लेकींच्या घरी जाऊन येतात. मला लेकी नाहीत, भिंती आहेत. चल माझ्याबरोबर." रविवार होता, माझी शाळा बंद. देवाला दिवा लावला आणि निघाले.

पहिल्या चारही ठिकाणी ती सरळ आपल्या विटांपाशी गेली. तळहाताने थोपटलं, दोन विटांमधल्या दरजेवरून नख फिरवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. केसभर तरी हललीय?" बाकीच्या भिंतीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी बालवर्गाची बाई. स्नेहसंमेलनात आयांना रंगमंचावर फक्त आपलंच पोर दिसतं, ते मी दर वर्षी बघते.

पाचवी भिंत एका बंद छापखान्याची, मागच्या बोळातली. बावीस वर्षांपूर्वी तिने तिथे चाळीसेक विटा बदलल्या होत्या. त्या लांबूनच ओळखू येत होत्या, कडा धारदार, रंग तसाच.

"शिपाई उभे आहेत नुसते," आत्या म्हणाली.

मला त्यातलं काही कळत नाही. मुलं विचारतात तसं मी विचारलं, "आत्या, तुझ्या विटांच्या शेजारच्याच विटा का गं झडल्यात?"

"जुन्या आहेत त्या."

"त्या पलीकडच्या पण जुन्याच ना? त्या तर बऱ्या दिसतायत."

आत्या हसली. मग मागे सरकून तिने पहिल्यांदा सगळी भिंत पाहिली. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण ते आता हसू नव्हतं.

तिने आपल्या विटेलगतच्या जुन्या विटेला बोट लावलं. बोट आत गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि खाली लाल पीठ भुरभुरलं. विटा आत-आत झिजल्या होत्या आणि त्यांच्या मधला तिचा सिमेंटचा माल मात्र जसाच्या तसा बाहेर उभा होता, मध काढून नेलेल्या पोळ्यासारखा. तिने माझ्याकडून घराची किल्ली घेतली आणि त्या मालावर ओरखडा काढायला गेली. किल्लीच चकाकली. मालावर रेघ उठली नाही.

"मागे फीर," ती म्हणाली.

"आत्या, पाय दुखतायत तुझे..."

"मागे फीर म्हटलं ना."

आम्ही त्या चारही भिंतींकडे परत गेलो. या वेळी ती आपल्या विटांकडे गेलीच नाही. दवाखान्याच्या आवाराची भिंत. गोदामाची भिंत. एका घराची, जिथल्या म्हातारबाईंनी सकाळी आम्हाला पाणी दिलं होतं आणि आता त्या दारातून विचारत होत्या, काही विसरलं का म्हणून. पुलाजवळची. प्रत्येक ठिकाणी आत्याच्या विटा ठणठणीत आणि त्यांच्या चारी बाजूंनी पीठ. सकाळी हेच सगळं मी याच डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

पुलाजवळच्या कठड्यावर ती मटकन बसली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "जुनी भिंत जमिनीतलं पाणी पिते. चुन्याच्या दरजेतून ते बाहेर पडतं, वाळतं. मी ती वाट सिमेंटने बुजवली. मग ते जाणार कुठे? विटेतून. मऊ वीट, खारट पाणी. आतून खाल्ली तिला."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं ना. तुझ्या मामांनी."

आमचे मामा, म्हणजे तिचे यजमान, खरे गवंडी. आत्या त्यांच्या हाताखाली माल कालवायची. छत्तीस वर्षांपूर्वी ते परांचीवरून पडले, कमरेचं हाड मोडलं, ते परत उभे राहिलेच नाहीत. हातात घेतलेलं काम अर्धं होतं. आत्या थापी घेऊन गेली. खाटेवरून ते सांगायचे, ती तसंच करायची. चुन्यात.

"पहिल्याच भिंतीला घरमालकाच्या भावाने लाथ घातली," आत्या म्हणाली. हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. "म्हणाला, बाईच्या हातची आहे, बघू तर टिकते का. चुना ओला होता गं. एक वीट सरकली. आणि सगळे हसले. पोरंसोरंसुद्धा."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवसापासून सिमेंट. आणि इतर गवंडी घालतात त्याच्या दुप्पट. घाला म्हटलं आता लाथ, पाय मोडेल. हे खाटेवरून ओरडायचे, जुन्या भिंतीत चुनाच घाल. मी म्हणायचे, तुमचा चुना वाळेपर्यंत लोक मला हसून घेतील." ती थांबली. "त्यांना बघायला तरी कुठे येता येत होतं."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते आणि तेवढ्यात दोघींच्या डोक्यात एकदमच तो विचार आला असावा, कारण तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बालवर्ग!"

तीन वर्षांपूर्वी आमच्या बालवर्गाच्या खोलीची मागची भिंत तिनेच दुरुस्त केली होती. एकोणीस विटा. मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, तिचं नाव मीच सुचवलं होतं.

ते अंतर आम्ही कसं कापलं, आठवत नाही. ती लंगडत होती आणि तरी मी मागे पडत होते. शाळा बंद, पण मागच्या बाजूला जाता येतं. तिथे नळ आहे, मुलं हात धुतात, भिंत बाराही महिने ओली. आतून गिलावा आणि त्यावर मीच चिकटवलेली प्राण्यांची चित्रं, त्यामुळे आतून काही दिसणं शक्यच नव्हतं.

बाहेरून दिसलं. तीनच वर्षं, पण नळाच्या पाण्याने बावीस वर्षांचं काम उरकलं होतं. आत्याने मनगटापर्यंत हात आत घातला. मग वाकलेल्या बोटाने तिने भिंतीवर टकटक केलं, थोडं वर, थोडं बाजूला, कान लावून. रिकाम्या डब्यावर वाजवावं तसा आवाज आला.

"पलीकडे कोण बसतं?" तिने विचारलं.

"मुलं. भिंत गार असते ना, म्हणून टेकून बसतात. गोष्टीच्या तासाला तर सगळी तिथेच."

"किती?"

"सव्वीस."

ती ओल्या जमिनीवरच बसली, नळाच्या बाजूला. मी तिच्याशेजारी. शुक्रवारी याच भिंतीला पाठ लावून मी स्वतः हत्तीची गोष्ट सांगितली होती. देवाने त्या मुलांना आणि मला कसं सुखरूप ठेवलं, त्याचं त्याला माहीत.

थोड्या वेळाने जरा भानावर आल्यावर मी तिला धीर द्यायला लागले. म्हटलं, "मुलांना उद्या वरच्या वर्गात बसवते. मोठ्या बाईंना मी सांगते. नळ गळतो हे खरंच आहे. शिवाय हल्ली सगळेच सिमेंट वापरतात. तू काही पुस्तकं शिकलेली नाहीस, तुला कसं कळणार? त्या समजून घेतील. मी बोलते सगळं, तू नुसती शेजारी उभी राहा."

आत्याने पदराने हातावरचं लाल पीठ पुसलं. ते निघेना.

"छत्तीस वर्षं ऐकलं मी, बाईच्या मानाने काम बरंय म्हणून," ती म्हणाली. "आता चूक तरी गवंड्याची राहू दे."

मी नळाखाली रुमाल ओला करून तिच्या हातात दिला.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर. पुलाजवळची, दवाखान्याची, सगळ्या भिंती सांगायच्यात मला, एकेकाच्या दारात जाऊन. सुरुवात तुझ्या शाळेपासून. फक्त एक कर माझ्यासाठी."

"काय?"

"मी बोलत असताना मध्ये पडू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस."