नाखव्याची कोरडी होडी

सिंगापुरात तोआ पायोहच्या बाजारात माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग बघितल्याशिवाय आमचे नाखवा भावसुद्धा विचारत नसत. "डोळ्यांना भुलायचं नाही. कल्ला बघ," असं मला दर शनिवारी सांगत. गाळ्यावरचा चिनी अंकल वैतागायचा. "यू डोन्ट ट्रस्ट मी, आह?" हे शांतपणे म्हणत, "यू, यस. फिश, नो."

बुओना व्हिस्टाच्या आमच्या ऑफिसात ते नेटवर्कचं काम बघत. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, गाव रेवदंड्याजवळ. वडील जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. स्वतःची होडी घ्यायची, हे यांनी वडिलांच्या वतीनं ठरवूनच टाकलं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चप्पल झिजून भोक पडेपर्यंत वापरतात आणि एका हौसेपायी सगळी शिल्लक ओततात.

होडीच्या लायसन्सच्या परीक्षेत ते पहिल्यांदा नापास झाले. प्रत्येक प्रश्नाला वडिलांनी जे केलं असतं, तोच पर्याय त्यांनी निवडला होता. वहिनी म्हणाल्या, "मामंजी नापास झाले. आता तुम्ही बसा." दुसऱ्या खेपेला ते पास झाले.

मेच्या अखेरीस होडी ट्रकवरून होड्या ठेवायच्या मरीनात आली. पांढरी, अठरा फुटी, नवीकोरी. ऑफिसातल्या आम्हा मराठी मंडळींनी त्यांना त्याच दिवशी नाखवा करून टाकलं. इथे ज्याला सी बास म्हणतात तो आपला जिताडाच, हे त्यांनी सांगितल्यावर तर आमच्या तोंडाला पाणीच सुटलं.

"नाखवा, कधी निघायचं?"

"नारळी पौर्णिमेला."

आम्हाला थट्टा वाटली, पण ते गंभीर होते. ज्येष्ठ-आषाढात माशाच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असते. त्या दिवसांत गावात कोणी जाळं टाकत नाही, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळ वाहिल्याशिवाय नवी होडी पाण्यात उतरवायची नाही.

"अहो, इथे समुद्र ताटात ओतल्यासारखा शांत," मी म्हटलं. "इथल्या माशांना ज्येष्ठ कुठे ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे ना."

त्यांच्या मुलीनंही सांगून बघितलं. "बाबा, जस्ट गो लाह. नोबडी विल नो." ते नुसते हसले. दर रविवारी बिशानच्या घरून मरीनात जायचे, ताडपत्री काढून होडी पुसायचे. एकदा मीही गेले. ट्रॉलीवरच्या त्या होडीत बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. जिताडा कुठल्या खडकापाशी लागेल, हे ते सिमेंटच्या जमिनीकडे बोट दाखवून समजावत होते.

जुलैत ऑफिसातली माणसं कमी केली, त्यांत यांचं नाव होतं. नोकरी गेली म्हणजे इथे राहायचा पासही गेला. परतीची तिकिटं निघाली ती नारळी पौर्णिमेच्या नऊ दिवस आधीची. होडी विकायला काढावी लागली.

"एक रविवार तरी जाऊन या," सगळे म्हणाले. वहिनी तर रडकुंडीला आल्या. "तुमच्या वडिलांनीच म्हटलं असतं, जा म्हणून."

"नसतं म्हटलं," ते म्हणाले.

गिऱ्हाईक मिळालं ते एक निवृत्त टॅक्सी ड्रायव्हर अंकल. पाण्यात चालवून बघितल्याशिवाय घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तो त्यांचा हक्कच होता. क्रेननं होडी पाण्यात सोडली. मेकॅनिक चढला, अंकल चढले. "कम लाह! युवर बोट!"

नाखव्यांनी नकारार्थी मान हलवली आणि किल्ली अंकलच्या हातात दिली. होडी दूरच्या तरंगत्या खुणेला वळसा घालून येईपर्यंत ते धक्क्यावर उभे होते. मला त्यांचा राग आला. एवढा कसला हट्ट, असं वाटलं. होडी परत आली तेव्हा अंकलनी फेकलेला दोर यांनी झेलला, बांधला, आणि वाकून होडीच्या ओल्या कडेला लावलेला हात कपाळाला लावला.

पुढच्या आठवड्यात ते गावी गेले. आता शनिवारी मी एकटीच बाजारात जाते.

नारळी पौर्णिमेला सकाळी त्यांचा मेसेज आला. "तिकडे वारा कसा आहे?"

मी खिडकीतून बघितलं. लख्ख ऊन होतं, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"जोराचा आहे," मी लिहिलं. "पाऊसही आहे."

जरा वेळानं उत्तर आलं. "मग बरं."