पत्रा ऐकतोय

"हळू. पत्रा ऐकतोय."

काहीही बोलण्याआधी बाई दोन बोटं भिंतीवर वाजवायच्या. भिंत म्हणजे पत्राच. टण्ण आवाज व्हायचा, पलीकडच्या घरातली कुजबुज थांबायची, आणि मग बाई बोलायला लागायच्या.

भूकंपानंतरची गोष्ट आहे. औशाकडच्या एका गावात सरकारनं लांबलचक शेड उभ्या केल्या होत्या. मधेमधे पत्रे मारले की झाली घरं. इकडं कुणी कूस बदलली तर तिकडं कळायचं. मी लातूरहून आमच्या समितीची पत्रकं घेऊन तिथं जायचो. 'पक्की घरं मिळालीच पाहिजेत' हे वाक्य इतक्यांदा लिहिलं होतं की डोकं दुसरीकडं असलं तरी हात ते लिहायचा. बाई तिथल्या शाळेत शिक्षिका. मूळच्या लोह्याच्या, चाळिशीकडं झुकलेल्या, एकट्या. शाळा शेडमध्ये, बिऱ्हाडही शेडमध्ये.

मला त्यांचा पहिल्यापासून संशय होता. तेव्हा गावात कोण येत नव्हतं? किती माणसं गेली, किती जनावरं गेली, विचारायचे आणि जीपमध्ये बसून निघून जायचे. तुम्हीही पाहिले असतील असले लोक. पण बाईंचे प्रश्न त्यांच्याहून वेगळे होते. शेजारच्या गंगाबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, बाई लई वंगाळ इचारती. नवऱ्यानं पहिल्यांदा नावानं हाक कवा मारली, म्हनं. तवा तुमी काय करत हुता, म्हनं."

"मग तुम्ही सांगता कशाला?"

"दुसरं कुनी इचारतंय व्हय?"

मी सरळ बाईंना गाठलं. त्या फळा पुसत होत्या.

"बाई, ही माहिती कुणासाठी गोळा करताय? कलेक्टर ऑफिस? की ठेकेदार?"

"या, कार्यकर्ते," त्या म्हणाल्या. मला त्या कधी नावानं बोलावत नसत. "मी गोष्ट लिहायला बसलेय. प्रेमाची. जरा शृंगारिक."

मी उखडलोच. "इथं घराघरात माणसं मेलीत, आणि तुम्हाला शृंगार सुचतो?"

"जे उरलेत त्यांचीच तर लिहितेय," त्या म्हणाल्या आणि फळ्यावर पाढा लिहायला वळल्या.

त्यांची पहिली गोष्ट मी ऐकली आहे. दुपारी बायका ज्वारी निवडत बसल्या की बाई त्यांना वाचून दाखवायच्या. थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, मखमली पडदे, मोटारीतून उतरणारा रुबाबदार नायक, झिरझिरीत गाऊन घातलेली नायिका. बाईंनी थंड हवेचं ठिकाण पाहिलेलं नव्हतं, आणि गाऊनही पाहिला असेल असं मला वाटत नाही. मी दाराशी उभा राहून हसू दाबत होतो. बायका मात्र मन लावून ऐकत होत्या. शेवटी गंगाबाईनं सूप खाली ठेवलं.

"एवढा मोठा बंगला, अन् मानसं दोनच?"

"हो."

"मंग अडचन काय हाय त्यांची?"

बाईंनी वही मिटली. तो बंगला त्यांनी त्या दिवशी सोडला तो कायमचा.

दुसरी गोष्ट मात्र शेडमधली होती. ती त्यांनी मला वाचायला दिली, कारण मी 'लिहिणारा माणूस' होतो. वाचली आणि माझे कानच तापले.

त्या वस्तीच्या टोकाला डिझेल इंजिनावरची पिठाची गिरणी होती. दुपारी ती सुरू झाली की अख्खी वस्ती थरथरायची, कुणाचं काही ऐकू यायचं नाही. तेवढ्या वेळात म्हाताऱ्या बायका पोरांना घेऊन लिंबाखाली जाऊन बसायच्या. कुणी दळणाचं निमित्त काढायचं, कुणी विड्याचं. हे कुणी बोलून ठरवलेलं नव्हतं. तरण्या जोडप्यांना तेवढाच वेळ मिळायचा, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मी मात्र नेमका त्याच वेळी लिंबाखाली सभा घ्यायचो, कारण बायका आयत्या जमलेल्या असायच्या. तरुण मंडळी कधीच येत नसत. त्यांच्या उदासीनतेवर मी एक कडक पत्रकही काढलं होतं.

बाईंच्या गोष्टीत एक सून दळणाचा डबा उचलते. तेवढ्यात नवरा शेतातून येतो, डबा तिच्या हातातून घेतो आणि खाली ठेवतो. गिरणी सुरू होते. तो तिचं मनगट धरतो, तिच्या बांगड्या एकेक करून कोपराकडं सारतो, वाजू नयेत म्हणून. तिच्या मानेवरचा घाम त्याच्या ओठांना लागतो. आणि अचानक इंजिन बंद पडतं. डिझेल संपलेलं. दोघं आहेत तसेच थिजतात. चोळीच्या अर्ध्या सुटलेल्या गुंड्यांवर त्याची बोटं, त्याच्या खांद्यावर तिचे दात. पलीकडं कुणीतरी खोकतं. गिरणीवाला डिझेल आणून इंजिनाचं हँडल मारेपर्यंत दोघं फक्त एकमेकांचा श्वास ऐकत उभे राहतात.

मी गोष्ट सुधारून दिली. गुंड्यांच्या जागी नवऱ्याच्या तोंडी वाक्य घातलं, 'शासनाने आम्हाला पक्की घरं दिलीच पाहिजेत' पुढं तीन उद्गारचिन्हं.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो कार्यकर्ते, हा बायकोला जवळ घेतोय की तहसीलदाराला?"

त्यांनी माझी सुधारणा खोडून गोष्ट नांदेडच्या एका मासिकाकडं पाठवली. संपादकांचा निरोप आला, दिवाळी अंकाला घेतो. याआधी त्यांचं काहीच छापून आलं नव्हतं. बाई त्या दिवशी वर्गात पोरांना गूळ वाटत होत्या. मला राग आला. बायकांनी विश्वासानं सांगितलेलं ही बाई बाजारात मांडणार, हे मी तोंडावर बोललो.

"त्यांना वाचून दाखवल्याशिवाय नाही छापणार," बाई म्हणाल्या.

त्या वाचनाला मी मुद्दाम हजर राहिलो. बाई वाचत होत्या आणि गंगाबाईची सून शारदा ज्वारीतले खडे सोडून ज्वारीच बाहेर टाकत होती. वाचून झालं. कुणी हसलं नाही.

"ग्वाड हाय," गंगाबाई म्हणाली. "पर गिरनी काढा त्यातनं."

"गिरणी काढली तर गोष्टच राहत नाही, गंगाबाई."

"ते तुमी बघा. तुमची गोष्ट छापून यील, अन् आमच्या पोरींची दुपार जाईल. उद्या गडी मानसं गिरनी लागली की हसतील. मंग कोन आत बसंल?"

बाईंनी हातातली पानं सारखी केली. मग दोन बोटं पत्र्याला लावली. टण्ण.

"पत्रे निघेपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "मासिकाला तसं कळवते."

माझा विश्वास बसला नाही. लिहिणारा माणूस छापून येण्यासाठी काय काय करतो, मला माहीत होतं. मी स्वतः पत्रकाखाली नाव मोठ्या टायपात घ्यायचो. म्हणून मी पाळत ठेवली. लातूरच्या बसस्टँडवरच्या स्टॉलवर दर महिन्याला प्रेमकथांची सगळी मासिकं चाळायला लागलो. दोन पानांत कळायचं नाही, म्हणून पूर्ण वाचायचो. स्टॉलवाला ओळखू लागला. गर्दीत ओरडायचा, "भाऊ, तुमचा माल आलाय!" चळवळीतला माणूस मी, मान खाली घालून घ्यायचो.

बाईंची गोष्ट आली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही वर्षी नाही.

मग पक्की घरं झाली, शेड मोडल्या, पत्रे भंगारात गेले. बाईंची बदली धर्माबादकडं झाली. इकडं लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासचे बोर्ड लागले, बाहेरगावची पोरं पार्टिशनच्या खोल्यांत कोंबली गेली आणि मी फीच्या विरोधात पत्रकं वाटायला लागलो. अशाच एका दुपारी स्टॉलवाल्यानं न बोलता दिवाळी अंक पुढं केला. आत बाईंचं नाव. टोपणनाव नाही, त्यांचंच, पूर्ण. गिरणी होती, बांगड्या होत्या, संपलेलं डिझेल होतं.

मी अंक घेऊन धर्माबादला गेलो. शाळेत सांगितलं, बाईंनी मुदतीआधीच नोकरी सोडली. का, ते कुणी नीट सांगेना. एक गुरुजी म्हणाले, "तब्येत." दुसरे म्हणाले, "तसल्या गोष्टी लिहीत होत्या म्हणे." मला दोन्ही खरं वाटलं नाही. पत्ता कुणाकडंच नव्हता.

परतल्यावर लातूरला न थांबता तसाच औशाकडच्या त्या गावी गेलो. गंगाबाई नव्या घरात, सिमेंटच्या भिंतीला टेकून बसली होती. शारदा पलीकडं पाठमोरी भाकरी थापत होती. मी अंक उघडला आणि सभेत वाचतात तसा खड्या आवाजात सुरू झालो.

"हळू, भाऊ," गंगाबाई म्हणाली आणि दोन बोटं भिंतीवर वाजवली.

भिंत वाजली नाही. शारदाचा हात मात्र भाकरीवर थांबला. मी आवाज खाली आणला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.