सामन्याचा सरपंच

कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. हा शब्द ज्याने रूढ केला, त्याने खेड्यात सामना खेळवलेला नसावा.

मी तेव्हा नगरच्या एका हायस्कुलात खेळशिक्षक होतो. पंचांची परीक्षा नुकतीच पास झालो होतो, त्यामुळे नियम तोंडपाठ होते आणि अनुभव काहीच नव्हता. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात देवळाली प्रवराजवळच्या एका गावाने स्पर्धा भरवली आणि अंतिम सामन्याला सरपंच म्हणून मला बोलावणं आलं. गाव उसाचं. मांडव होता, लाऊडस्पीकर होता, व्यासपीठावर चक्क सोफा होता. सोफ्यावर गावचे खरे सरपंच बसले होते. गावच्या संघाचा कर्णधार त्यांचा सख्खा पुतण्या. हे मला आधी कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं असं कोणाला वाटलंही नसावं.

माझ्या हाताखाली पंच म्हणून श्रीरामपूरचे एक वयस्कर गृहस्थ होते. जिल्ह्यात त्यांच्याइतके सामने कोणी खेळवले नव्हते आणि एकाही सामन्यात त्यांच्यावर दगड आला नव्हता. दोन्ही गोष्टी त्यांनीच मला चहा पिताना सांगितल्या.

"पाहुण्यांना गुण दिला की थोड्या वेळानं यजमानांना एक द्यायचा," ते म्हणाले. "म्हणजे तोल राहतो. शेवटी कोण जिंकणार, ते आपलं जेवण कुणाकडे आहे त्यावर."

"आणि नियम?"

"आहेत की. पुस्तकात."

समोरचा संघ शेवगावचा होता. सडपातळ, काटक पोरं. एसटीतून उतरून थेट मैदानात आली होती. गावचा संघ आला तेव्हा कर्णधाराचं अंग उन्हात चकाकत होतं. अंगाला तेल लावून खेळायला बंदी असते, कारण पकडणाऱ्याचा हात सटकतो. मी त्याला अंग पुसून यायला सांगितलं.

"तेल न्हाई सर, घाम हाय."

"अजून सामना सुरू झाला नाही."

"मला लई घाम येतो."

त्या घामाला शेंगदाण्याच्या तेलाचा वास होता. शेवटी दोघातिघांनी टॉवेल आणून, देवाची मूर्ती पुसावी तसं त्याला पुसलं आणि खेळ सुरू झाला.

हा गडी दुसऱ्या कोणाला चढाईला जाऊच देत नसे. प्रत्येक वेळी स्वतः जायचा, बहुतेक वेळा पकडला जायचा आणि मग आपण रेषेला हात लावला होता म्हणून हुज्जत घालायचा. बाद होऊन बाहेर बसला तरी तिथून ओरडत राहायचा. खेळाडू बेशिस्त वागला तर आधी त्याच्या कर्णधाराला समज द्यावी, असं मला शिकवलं होतं. म्हणून मी कर्णधाराला बाजूला घेतलं आणि त्याच्याविषयी त्यालाच समज दिली. त्याने ती मन लावून ऐकली.

"सांगतो त्याला," तो म्हणाला.

मग मी रीतसर ताकीद दिली. मध्यंतरापर्यंत शेवगाव बरंच पुढे गेलं होतं. मध्यंतरानंतर तो पुन्हा मध्यरेषेला हात पोचायच्या आत पकडला गेला. पंचांनी हात वर करून त्याला बाद दिलं. तेवढ्यात त्याने मूठभर माती उचलली आणि त्यांच्या अंगावर फेकली. मी शिट्टी मारून त्याला मैदानाबाहेर काढलं.

पंच माझ्या कानाशी आले. "थोडा वेळ बसवा आणि घ्या परत. गाव चांगलं आहे."

तोवर गावचे सरपंच सोफ्यावरून उठून, पायात वहाणा तशाच ठेवून, फक्कीच्या रेषा पुसत मैदानाच्या मध्यावर आले होते.

"मास्तर, काय झालं?"

"तुमच्या खेळाडूनं पंचांच्या अंगावर माती फेकली. त्याला काढला."

"ह्या गावात कुणाला ठिवायचं आन् कुणाला काढायचं, ते सरपंच ठरवतो."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "या सामन्याचा सरपंच मी आहे."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. सरपंचांनी पंचांकडे मोर्चा वळवला. "काय हो, माती फेकली का तुमच्यावर?"

पंच सदरा झटकत होते. "वारा होता जरा," ते म्हणाले.

झाडाचं पान हलत नव्हतं.

मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. शेवगावचा कर्णधार पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "सर, जाऊ द्या. घ्या त्याला आत. आमची काय बी तक्रार न्हाई."

मला भरून आलं. ज्यांच्याशी तो गडी दांडगाई करत होता, तेच त्याच्यासाठी रदबदली करत होते. कोरडवाहू मुलखातल्या माणसांचं मन कसं मोठं असतं, यावर मनातल्या मनात एक छोटं भाषणही तयार झालं. सरपंच म्हणाले, "बघा, पावन्यांचं मन बघा." मी बघितलं, पण ऐकलं नाही. काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही आणि त्याच्या जागी बदलीही मिळत नाही, असं सांगून मी घड्याळ हातात घेतलं. संघ उभा राहिला नाही तर सामना शेवगावला जाईल, असं जाहीर केलं.

गावची सहा पोरं उभी राहिली. माझ्या अंदाजापेक्षा फारच लवकर.

सगळा सामना कोपऱ्यात गप उभा राहिलेला एक लंबू चढाईला गेला आणि दोघांना बाद करून आला. त्याच्यामागून दुसरा गेला, तोही हात हलवत परतला नाही. आपल्याला चढाई येते हे त्या पोरांना बहुधा त्याच दिवशी कळलं. त्यांनी शेवगावावर लोण चढवला, म्हणजे सगळा संघ बाद केला, आणि सामना आरामात जिंकला.

बक्षीस समारंभात सरपंच माईकवर म्हणाले, "शिस्त काय असती ते आज गावानं बघितलं. त्यासाठीच आमी कडक मास्तर बोलावला हुता." माझ्या खांद्यावर शाल आली. पंचांनी शेजारच्या पाहुण्याला सांगितलं की काढायचा सल्ला त्यांचाच. ढाल घ्यायला कर्णधाराचं नाव पुकारलं गेलं. पुतण्या उठला, त्याने ढाल घेतली आणि डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली. काढलेल्या कर्णधाराने ढाल घ्यावी की नाही, याविषयी मी शिकलेल्या नियमांत काही नव्हतं. मैदानावरच्या सहा पोरांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या.

परतीच्या एसटीत शेवगावचा संघही होता. मी मुद्दाम त्यांच्या कर्णधाराशेजारी बसलो आणि मघाचं भाषण त्याला ऐकवलं. खिलाडूवृत्ती, मनाचा मोठेपणा, सगळं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"कसला मोठेपणा सर," तो म्हणाला. "त्यो आत हुता तवर आमी पुढं हुतो. दर बारीला त्योच यायचा आन् आमी धरायचो. तुमी त्याला काढला आन् आमचा सामना गेला."

मी त्याला नियम समजावून सांगितला. कलम, पोटकलम सगळं.

"नियम बरोबर हाय तुमचा," तो म्हणाला, आणि नगरहून शेवगावची गाडी मिळेल का ते विचारलं. ती बहुधा गेलेली असेल असं मी सांगितलं.

"मंग स्टँडवर झोपू," म्हणून तो उठला आणि पुढच्या बाकड्यावरच्या पोरांना ते सांगायला गेला.